उलटी थांबली, पण मळमळीचं काय? केमोत घेतलेल्या औषधांबद्दल माझा अनुभव

स्तनाच्या कर्करोगासाठी आधी माझ्या 'एसी'च्या चार केमो झाल्या, दर तीन आठवड्यांनी एक. एसी म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड. यातलं पहिलं औषध लालभडक असतं, म्हणून वॉर्डात सगळे त्याला 'लाल औषध'च म्हणतात. त्या चार केमोंच्या काळात मळमळ आणि उलटीवरची सहा-सात औषधं माझ्या पोटात किंवा शिरेत गेली. कोणत्या औषधाने काय दिलं आणि त्याबदल्यात काय घेतलं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. हिशेब तपासणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे नोंदी ठेवायची सवय आहे. पहिल्या केमोच्या दिवशीच एक वही केली होती: वेळ, औषध, उलट्या किती, मळमळ शून्य ते दहामध्ये किती, शौचाला झालं की नाही, झोप किती. खाली जे आकडे माझे म्हणून दिलेत ते त्या वहीतले आहेत. डोस लिहिलेत ते माझ्यासाठी ठरवलेले होते, ते कुणी स्वतःवर लावून पाहू नयेत.

आधी एक गोष्ट, जी मला खूप उशिरा कळली. एसीची गणना सर्वांत जास्त उलट्या करणाऱ्या केमोच्या गटात होते. या गटातली औषधं उलटीची औषधं न देता दिली, तर शंभरांतल्या नव्वदहून अधिक जणांना उलट्या होतात. त्यातही बाईमाणूस, वय पन्नासच्या आत, गाडी लागण्याची सवय आणि गरोदरपणात खूप उलट्या झालेल्या, असं असेल तर त्रास आणखी वाढतो. माझ्या बाबतीत या चारही गोष्टी होत्या. मला इतकी गाडी लागते की लहानपणापासून खिडकीची जागा माझी ठरलेली. पण पहिल्या केमोआधी मला हे कुणी विचारलं नाही आणि सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं. तुमची केमो अजून सुरू व्हायची असेल, तर "मला गाडी लागते" एवढं वाक्य डॉक्टरांना जरूर सांगा. त्यावरून औषधं बदलू शकतात.

पहिल्या केमोला शिरेतून ऑन्डॅनसेट्रॉन हे उलटीवरचं औषध आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं. डेक्सामेथासोनबद्दल जे कुणी बोलत नाही ते आधी लिहिते, कारण ते सोसताना मला वाटलं होतं की हे फक्त मलाच होतंय. सिस्टरनी सिरिंज झटकन रिकामी केली आणि पुढच्या काही सेकंदांत जांघेत आणि गुप्तांगाच्या जागी अशी आग आणि टोचणी सुरू झाली की मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. अर्धा-पाऊण मिनिट टिकलं असेल, मग आपोआप गेलं. लाजेपोटी मी कुणाला बोलले नाही. पुढच्या केमोला धीर करून विचारलं, तेव्हा दुसऱ्या सिस्टर अगदी सहज म्हणाल्या, "हो, होतं असं. मी सलाईनमध्ये घालून सावकाश सोडते." त्यांनी तसं केलं आणि काहीसुद्धा झालं नाही. हे इंजेक्शन शिरेतून जोरात गेलं की असं होतं, आणि डॉक्टर-नर्स मंडळींना ते चांगलं माहीत असतं. पण आधी एका वाक्यात सांगितलं असतं, तर तीन आठवडे मी मनात भलतेसलते विचार करत बसले नसते.

पहिला दिवस चांगला गेला. संध्याकाळी वहीत मळमळ दोन लिहिली आहे. मी घरी सगळ्यांना सांगितलंसुद्धा की उगाच घाबरलो आपण. घरी ऑन्डॅनसेट्रॉनची आठ मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायची होती, ती घेत होते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तोंडाला पाणी सुटायला लागलं. रात्री पहिली उलटी झाली. तिसऱ्या दिवशी वहीत सात उलट्यांच्या खुणा आहेत आणि त्याखाली नुसतंच 'उमासे' असं लिहिलंय, कारण मोजायचं सोडून दिलं होतं. पोटात काही उरलेलं नसताना पोट आतून पिळवटून वर येतं, घशाशी कडू पाणी येतं आणि बरगड्या दुखायला लागतात. ज्याला हे झालंय त्याला वेगळं सांगायला नको.

गोळी चालू असताना असं का व्हावं, याचं उत्तर मला नंतर मिळालं आणि ते समजल्यावर या सगळ्या औषधांकडे बघण्याची माझी नजर बदलली. केमोनंतरच्या पहिल्या चोवीस तासांतली उलटी मुख्यतः सेरोटोनिन नावाच्या रसायनामुळे होते. केमोचा मारा झाला की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, ते तिथल्या नसेला चेतवतं आणि नस मेंदूला कळवते. ऑन्डॅनसेट्रॉन ही वाट अडवतं, म्हणून पहिला दिवस चांगला जातो. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाची उलटी मात्र बरीचशी दुसऱ्याच रसायनामुळे होते, त्याला सब्स्टन्स पी म्हणतात, आणि ते मेंदूतल्या एनके-१ नावाच्या ग्राहकांवर, म्हणजे ते रसायन जिथे चिकटतं त्या जागांवर, काम करतं. ऑन्डॅनसेट्रॉनचा तिथे फारसा इलाज चालत नाही. म्हणजे मी तीन दिवस एका दाराला कुलूप लावत होते आणि त्रास दुसऱ्या दाराने येत होता.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला मिस्टर मला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे सलाईन लावलं आणि मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. पुढच्या दहा मिनिटांत जे झालं ते आख्ख्या उपचारातलं माझं सर्वांत वाईट अर्ध्या-पाऊण तासाचं दुखणं होतं, शस्त्रक्रिया धरूनसुद्धा. उलटी थांबली, हे खरं. पण अंगात विलक्षण तगमग सुरू झाली. पडवत नव्हतं, बसवत नव्हतं. पाय आपोआप हलत होते. सलाईनची सुई उपटून काढावी आणि अनवाणी रस्त्यावर पळत सुटावं, असं वाटत होतं. वेदना कुठेच नव्हती, आणि तरी त्या शरीरात एक क्षणही राहवत नव्हतं. मी "मला जाऊ द्या, मला जाऊ द्या" म्हणत होते आणि तिथल्या डॉक्टरांनी मिस्टरांना सांगितलं, "घाबरल्यात त्या, केमोचा ताण असतो."

तो ताण नव्हता. याला अकाथिसिया म्हणतात. मेटोक्लोप्रमाइड मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा परिणाम अडवतं. उलटीच्या केंद्रात अडवलं की उलटी थांबते, पण हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागातही ते अडवलं जातं आणि मग ही तगमग होते. काहींची मान वाकडी होते, जबडा आवळतो, डोळे वर फिरतात. लहान मुलं आणि तरुण यांच्यात हे वाकडं होणं जास्त दिसतं. शिफ्ट बदलून आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी मला एकदा पाहिलं, इंजेक्शन कोणतं दिलं ते विचारलं आणि लगेच अँटीहिस्टामिन दिलं. वीसेक मिनिटांत मी शांत झाले आणि रडले. त्या डॉक्टरांचे मी आजही मनातून आभार मानते. त्यांनी मला "घाबरू नका" असं म्हटलं नाही. "हे औषधाने झालंय, थोड्या वेळात जाईल," असं म्हणाले. या दोन वाक्यांत त्या वेळी माझ्यासाठी जमीनअस्मानाचा फरक होता.

एकट्या माझ्या अनुभवावरून औषध वाईट ठरवायचं नाही, म्हणून बाकीचंही सांगते. हे जुनं आणि स्वस्तात मिळणारं औषध आहे, पोट पुढे सरकवायला मदत करतं आणि गोळीच्या रूपात अनेकांना त्याने बरं वाटतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर केमो घेणाऱ्या काकूंना तेच चांगलं लागू पडलं. पण बंधनंही आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये सांगितलं की हे जास्तीत जास्त पाच दिवस आणि प्रौढांना दिवसाला तीस मिलिग्रॅमपर्यंतच द्यावं, आणि शिरेतून द्यायचं तर किमान तीन मिनिटं लावून सावकाश द्यावं. अमेरिकेत २००९ पासून त्याच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा आहे, कारण महिनोन्‌महिने घेतलं तर तोंडाच्या आणि जिभेच्या न थांबणाऱ्या हालचाली मागे लागू शकतात आणि औषध बंद केल्यावरही त्या राहू शकतात. मला ते किती मिनिटांत दिलं ते मी घड्याळात पाहिलं नाही. सलाईन लावायला जितका वेळ लागला त्याहून कमी, एवढं आठवतं.

याचाच भाऊबंद म्हणावं असं डोम्पेरिडोन मी घेतलेलं नाही. ते मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून तगमगीचा त्रास कमी होतो, पण हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर त्याचा परिणाम होऊ शकतो. ज्यांना हृदयाचं दुखणं आहे त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसऱ्या केमोच्या आधी मी वही दाखवली आणि सगळी योजनाच बदलली. ऑन्डॅनसेट्रॉनऐवजी पॅलोनोसेट्रॉनचं एक इंजेक्शन, डेक्सामेथासोन, आणि अप्रेपिटंटच्या कॅप्सूल: पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी ८०. अप्रेपिटंट म्हणजे त्या दुसऱ्या दाराचं कुलूप. ते २००३ पासून वापरात आहे. पॅलोनोसेट्रॉन हे ऑन्डॅनसेट्रॉनच्याच घराण्यातलं, पण शरीरात खूप जास्त वेळ टिकतं. ऑन्डॅनसेट्रॉन काही तासांत निम्मं होतं, याला त्यासाठी जवळपास चाळीस तास लागतात.

निकाल असा: एकही उलटी नाही. पाच दिवसांत एकही नाही. पहिल्या केमोनंतर मला हा चमत्कारच वाटला.

आणि तरीही ते पाच दिवस वाईट गेले. वहीत मळमळीचे आकडे आहेत पाच, सहा, सहा, पाच, चार. सकाळी डोळे उघडायच्या आधी पोटात ढवळायला लागायचं. दोन घास खाल्ले की तोंडाला पाणी सुटायचं, ओकारी घशापर्यंत यायची आणि तिथेच थांबायची. कुणी खोलीत आलं तरी त्याच्या साबणाचा वास सोसवत नव्हता. उलटी झाली की निदान काही वेळ सुटल्यासारखं वाटतं, इथे तीही सुटका नाही. घरचे म्हणायचे, "या वेळी बरं आहे ना, उलट्या नाहीत." त्यांचं चुकत नव्हतं. उलटी दिसते, ऐकू येते, मोजता येते. मळमळ जिची तिलाच कळते.

पुढच्या तपासणीला मला विचारलं, "उलट्या?" मी म्हटलं, "नाही." फाइलवर 'सहन झाली' असं लिहिलं गेलं. मी उठून दारापर्यंत आले होते. तिथून परत फिरले आणि वही उघडून टेबलावर ठेवली.

हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण या औषधांच्या गुणांबद्दल जे काही वाचाल त्यात ही फट आहे. बहुतेक चाचण्यांत यश मोजतात ते 'उलटी झाली नाही आणि वरचं जादा औषध लागलं नाही' या कसोटीवर. मळमळ वेगळी मोजतात, पुष्कळदा दुसऱ्या क्रमांकावर. त्यामुळे एखादं औषध कागदावर उत्तम ठरतं, आणि ते खोटंही नसतं, पण तुम्ही मात्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असता. सेरोटोनिन अडवणारी औषधं उलटीवर जितकी चालतात तितकी मळमळीवर चालत नाहीत, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे. पण तुम्ही सांगितलं नाही, तर पुढचं औषध लिहायचं कारणच त्यांना मिळत नाही.

त्याच दुसऱ्या केमोत माझ्याकडून एक चूक झाली. मळमळ जाईना म्हणून घरात उरलेली ऑन्डॅनसेट्रॉन मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ घेत राहिले. शरीरात पॅलोनोसेट्रॉन होतंच, म्हणजे ज्या दाराला आधीच भक्कम कुलूप होतं त्यालाच मी आणखी एक लावत होते. मळमळ एका आकड्यानेही कमी झाली नाही. वाढलं ते बद्धकोष्ठ. सहा दिवस शौचाला झालं नाही. सहाव्या दिवशी जे झालं त्यात रक्त पडलं, आणि केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना तिथे जखम होणं ही साधी गोष्ट नाही. ही औषधं आतड्याची हालचाल मंदावतात. हा त्यांचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम आहे, आणि तो 'किरकोळ' या सदरात टाकतात. माझ्या लेखी तो किरकोळ नव्हता. तिसऱ्या केमोपासून त्याच संध्याकाळी रेचक सुरू केलं, त्रास होण्याची वाट न बघता, आणि मग हा प्रश्न उरला नाही. ऑन्डॅनसेट्रॉनने दुसरं होतं ते डोकं दुखणं, कपाळावर पट्टा आवळल्यासारखं. मला पहिल्या केमोत दोन दिवस होतं, साध्या पॅरासिटामॉलने गेलं.

ऑन्डॅनसेट्रॉनची हृदयाबद्दलची गोष्टही सांगायला हवी. ईसीजीत क्यूटी नावाचं एक अंतर असतं, ते या औषधाने लांबू शकतं आणि फार लांबलं तर ठोक्यांचा ताल बिघडतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये शिरेतून एकदम ३२ मिलिग्रॅम द्यायचा डोस याच कारणाने बंद करायला लावला. शिरेतून एका वेळी सोळाच्या वर देऊ नये असं ठरलं. आठच्या गोळीने धडधाकट माणसाला काही होईल, अशी भीती बाळगायचं कारण नाही. पण उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली गेलेलं असेल किंवा ताल बिघडवणारी इतर औषधं चालू असतील, तर ईसीजी काढून घ्यावा. माझा काढला होता.

अप्रेपिटंटने मला स्वतःला थकव्याशिवाय काही जाणवलं नाही, आणि थकवा त्याचा की केमोचा ते सांगता येणार नाही. पण यकृत इतर औषधं ज्या यंत्रणेने मोडून काढतं तिच्यात ते ढवळाढवळ करतं. डेक्सामेथासोन त्याच्यासोबत दिलं तर त्याचा डोस कमी करावा लागतो. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन घेणाऱ्यांना रक्ताची तपासणी लक्ष ठेवून करावी लागते. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा औषध संपल्यावरही २८ दिवस धरता येत नाही. केमोच्या काळात गर्भ राहणं किती अवघड प्रसंग ठरेल हे लक्षात घेतलं, तर ही गोष्ट प्रत्येक तरुण बाईला तोंडी सांगायला हवी.

डेक्सामेथासोन मात्र आपली ओळख ठळकपणे देतं. पहिले दोन दिवस चेहरा लाल, डोळे टक्क उघडे, रात्री तीन वाजता कपाट आवरावंसं वाटतं. आणि उचक्या. दुसऱ्या केमोत सलग अकरा तास उचक्या लागल्या होत्या. औषध थांबलं की चौथ्या-पाचव्या दिवशी अंगातलं सगळं बळ ओढून घेतल्यासारखं होतं आणि मन उगाच रडवेलं होतं. ही गोळी सकाळीच, काहीतरी खाऊन घ्यायची, एवढ्याने झोपेचा प्रश्न निम्मा सुटला. मधुमेह असेल तर साखर नक्की चढते, त्याची तयारी आधीच हवी. इतकं असूनही हे औषध वगळावं असं मला वाटत नाही. ते इतर औषधांना बळ देतं, आणि उशिरा येणाऱ्या उलटीवर त्याचा उपयोग होतो.

आता ओलान्झापिन. तिसऱ्या केमोच्या वेळी, वही पाहिल्यावर, डॉक्टरांनी चार रात्री झोपताना पाच मिलिग्रॅमची ही गोळी लिहून दिली. मिस्टरांनी घरी येऊन आतला कागद वाचला आणि ते गप्पच झाले. त्यावर स्किझोफ्रेनियासाठी असं छापलं होतं. माझी लेक म्हणाली, "आई, तुला त्या रात्री झालं ते बघून त्यांना वाटलं असेल का, की तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय?" खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. फोन करून विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की हे मूळचं मानसिक आजारावरचंच औषध, पण ते डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन अशा अनेक वाटा एकदम अडवतं आणि म्हणूनच मळमळीवर चालतं. केमोच्या मळमळीसाठी ते थोड्या मात्रेत, थोडे दिवस देतात. आणि यासोबत मेटोक्लोप्रमाइड घ्यायचं नाही, दोन्ही डोपामिनवरच काम करतात, असंही त्यांनी बजावलं.

आधीच्या औषधांबद्दल मी नंतर शोधून वाचलं, याच्याबद्दल मात्र गोळी घ्यायच्या आधीच वाचलं. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ३८० रुग्णांवरची चाचणी आली होती. सगळ्यांना नेहमीची तीन औषधं दिली, निम्म्यांना वर दहा मिलिग्रॅम ओलान्झापिन आणि बाकीच्यांना खोटी गोळी. पहिल्या चोवीस तासांत अजिबात मळमळ नसलेले ७४ टक्के, खोट्या गोळीवाल्यांत ४५. पाचही दिवस धरले तर ३७ विरुद्ध २२. हे आकडे मला दोन कारणांसाठी आवडले. एक म्हणजे इथे मळमळच मोजली होती. आणि दुसरं, ते प्रामाणिक आहेत: इतकी चार औषधं देऊनही पाच दिवस पूर्ण मळमळमुक्त राहणारे निम्म्याहून कमीच. तेव्हा कुणाला चारही औषधांवर त्रास होत असेल तर तिने स्वतःला नाजूक समजू नये.

माझा अनुभव त्या आकड्यांहून चांगला आला. तिसऱ्या केमोनंतर मळमळ एक, दोन, एक, एक, शून्य. दुसऱ्या दिवशी मला भूक लागली. भूक! मी ते वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय. पण दुसऱ्या बाजूचा रकानाही तितकाच भरलेला आहे. पहिल्या गोळीनंतर मी सकाळी अकराला उठले आणि उठून बसताच डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंत धरून उभी राहिले. दुपारी पुन्हा झोप. जिभेला कोरड. कुणी बोललेलं दोनदा सांगावं लागत होतं. त्या चार दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही, आणि घरात लहान मूल सांभाळायचं असतं किंवा एकटी राहत असते, तर हे परवडलं नसतं. गाडी चालवण्याचा प्रश्नच नव्हता. वयस्कर रुग्णांच्या बाबतीत रात्री उठताना पडण्याची भीती खरी आहे, तिथे कुणीतरी सोबत हवंच.

चौथ्या केमोला मी अर्धी गोळी चालेल का असं विचारलं. अडीच मिलिग्रॅमचा विचार आता मान्य होऊ लागला आहे, असं उत्तर मिळालं. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात झालेली आणि २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी याच प्रश्नावर होती, आणि अडीच मिलिग्रॅम दहाच्या तुलनेत कमी पडलं नाही, गुंगी मात्र बरीच कमी झाली. माझ्या वहीत: मळमळ दोन, दोन, दोन, एक, शून्य. जाग सकाळी साडेसातला. एका आकड्याची मळमळ जास्त, पण दिवस माझ्या हातात. मी हा सौदा आनंदाने घेतला.

एक प्रकारची मळमळ मात्र यातल्या कुठल्याच औषधाने गेली नाही. चौथ्या केमोच्या दिवशी हात पुसायच्या स्पिरिटचा वास आला आणि सुई टोचायच्या आधीच मला उमासे यायला लागले. पहिल्या केमोत जे झालं ते शरीर शिकून बसलं होतं. या आगाऊ मळमळीवर उलटीची औषधं चालत नाहीत. आदल्या रात्री आणि सकाळी लोराझेपाम या मन शांत करणाऱ्या औषधाची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिली, तिने धार कमी झाली, वास गेला नाही. तातडीच्या विभागांत आलेल्या मळमळीच्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत असं दिसलंय की स्पिरिटचा बोळा नाकाशी धरून खोल श्वास घेतला की काही मिनिटांत बरं वाटतं. अनेकांना वाटतही असेल. मला तोच वास नको होता. या मळमळीवर खरा उपाय एकच, पहिल्या केमोतच ती होऊ न देणं, आणि माझी ती वेळ निघून गेली होती. पहिल्याच दिवशी चारही औषधं मिळाली असती, तर कदाचित ही चौथ्या केमोच्या दिवसाची गोष्ट लिहावी लागली नसती. याचं मला आजही वाईट वाटतं.

नंतरच्या बारा आठवड्यांच्या पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमोत मळमळ जवळजवळ नव्हतीच. ते औषधच या बाबतीत सौम्य आहे. तिथे डेक्सामेथासोन दिलं ते ॲलर्जी होऊ नये म्हणून.

आता फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहून ठेवलंय: 'मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, अकाथिसिया झाला होता. डेक्सामेथासोन सलाईनमधून सावकाश. गाडी लागते.' तोच कागद मिस्टरांच्या पाकिटात आहे आणि लेकीच्या फोनमध्ये त्याचा फोटो आहे, कारण रात्री दोन वाजता हे सगळं सांगण्याच्या अवस्थेत मी असेनच असं नाही.